आपली चीर आपण बुजवणारा रस्ता



पुण्याहून पौडकडे जाणारी सडक चांदणी चौक सोडते, भूगाव आणि भुकूम ही गावे मागे टाकते आणि एक लहानसा घाट ओलांडून पिरंगुटला उतरते. हा घाट म्हणजे काही बोरघाट नव्हे. पण तुमच्यापैकी जे या वाटेने रोज दुधाचे कॅन घेऊन, कारखान्याच्या पाळीला किंवा शाळेवर जात-येत असतील, त्यांना त्यातले प्रत्येक वळण ओळखीचे असेल, आणि पावसाळ्यात प्रत्येक खड्डाही. खड्ड्यांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. खड्डा पडतो कसा, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

पिरंगुटकडच्या एका शिक्षकबंधूंनी मला मध्यंतरी गाठले. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. परदेशात म्हणे असा डांबरी रस्ता झाला आहे की त्याला चीर गेली तर ती आपली आपण बुजते. आणि दुसरा असा, की ज्याच्यावर बर्फ धरतच नाही. कात्रण वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "गुरुजी, मग आपल्या घाटात असला रस्ता का करीत नाहीत?" गुरुजी मला म्हणाले, "बर्फाचे आपल्याला काय करायचे आहे? पण पहिल्या गोष्टीत तथ्य किती, ते सांगा." मी म्हटले, दोन्हींविषयी सांगतो. कारण चीर काय आणि बर्फ काय, दोन्हीकडे रस्त्याचा वैरी एकच आहे, तो म्हणजे पाणी. आणि पाण्याविषयी मुळशीकरांना मी काय सांगावे! २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या एका दिवसात ताम्हिणी घाटात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. पुणे शहरात साऱ्या वर्षात जेवढा पडतो, त्याचा हा जवळजवळ पाऊण वाटा. अशा पावसाखाली जो रस्ता टिकवायचा, त्याविषयी आज आपण बोलू.

आधी डांबराची ओळख करून घेऊ. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्या वस्तू वास्तविक दोन आहेत. एक कोळशापासून निघते, तिला कोलटार म्हणतात. कपड्यांच्या पेटीत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या मूळच्या तिच्या घरच्या. दुसरी खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरते, ती बिट्युमेन. आज सडकेवर जी पडते ती ही दुसरी. कारागीर तिलाच डांबर म्हणतो, मीही तसेच म्हणेन. सडकेच्या वरच्या थरात हे डांबर असते तरी किती? शंभर किलो मालात साधारण पाच किलो. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. म्हणजे रस्ता खरा दगडाचाच. डांबर आहे ते केवळ दगडाला दगड धरून ठेवण्यापुरते. पण लाडवात गूळ थोडा असला तरी लाडू वळतो तो गुळामुळेच, तशातला हा प्रकार.

आता या डांबराचा एक चमत्कारिक स्वभाव सांगतो. ते धड घन नाही, धड द्रव नाही. थंडीत त्यावर हातोडी मारली तर काचेसारखे टवके उडतात. तेच उन्हात ठेवा, अगदी सावकाश पसरू लागते. सडकेचा माल तयार करताना ते दीडशे-एकशे साठ अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा काकवीसारखे वाहते. या स्वभावातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. चीर बुजवण्याची विद्या डांबराला कोणी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या अंगचीच आहे.

घरात भाकरी थापताना पाहिले असेल. नाचणीचे पीठ थोडे कोरडे झाले की भाकरीच्या कडेला चिरा जातात. मग आई काय करते? पाण्याचा हात फिरवते. पीठ मऊ असते, चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडतात आणि चीर नाहीशी होते. तीच भाकरी तव्यावर भाजून निघाली, की मग कितीही पाण्याचा हात फिरवा, चीर काही मिटत नाही. डांबराचे अगदी असेच आहे. वाहनाच्या चाकाखाली सडकेचा थर किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. हे लक्षावधी वेळा झाले की आत केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या आपल्याला दिसतही नाहीत. मध्ये थोडी उसंत मिळाली आणि ऊन पडले, की चिरेच्या दोन्ही बाजूंचे डांबर मऊ होऊन एकमेकांना चिकटते, एकमेकांत मुरते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे थोडे डांबर चिरेत ओढले जाते. आपल्याकडे वैशाख वणव्यात सडकेचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर तापतो. म्हणजे सूर्यनारायण आपल्या सडकांना फुकटात शेक देत असतो. थंड देशांना ही सोय नाही. म्हणून त्यांना युक्त्या शोधाव्या लागल्या.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या सडका अमर का नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याची कारणे दोन-तीन आहेत, आणि त्यांतले एक तर मोठे गमतीचे आहे. जो सूर्य शेक देतो तोच डांबराला म्हातारेही करतो. उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांच्यामुळे डांबरातला तेलकट, हलका अंश कमी होत जातो आणि कडक, ठिसूळ अंश वाढतो. नव्या सडकेचा काळा कुळकुळीत रंग चार-पाच वर्षांत राखी होतो, तो याचाच एक भाग. म्हातारे डांबर म्हणजे भाजलेली भाकरी. त्याला चीर गेली की ती तशीच राहते.

मग मुळातच मऊ डांबर का वापरू नये? वापरतात, पण जिथे थंडी फार तिथे. आपल्याकडे डांबराच्या प्रती दाटपणावरून ठरवल्या आहेत. व्ही.जी. १० ही मऊ, थंड प्रदेशासाठी; व्ही.जी. ३० ही आपल्याकडच्या सडकांवर नेहमी दिसणारी. आणि जिथे ऊनही फार नि ओझेही फार तिथे व्ही.जी. ४०. मऊ डांबर चिरा चांगल्या भरते, पण उन्हात जड वाहनाखाली दबते आणि सडकेवर चाकोऱ्या उमटतात. बैलगाडीच्या वाटेवर उमटतात तशाच. कडक डांबराला चाकोरी पडत नाही, पण चीर जाते. या दोहोंच्या मध्ये कुठे उभे राहायचे, यातच सडक बांधणाऱ्याची अर्धी परीक्षा असते.

दुसरे कारण ओझे. शिक्षकबंधूंनो, इथे वर्गासाठी एक चांगले गणित आहे. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात सडकांचे तुकडे मुद्दाम बांधून त्यांवरून रात्रंदिवस ट्रक फिरवले गेले. त्यातून ढोबळ नियम हाती आला तो असा: आसावरचे ओझे वाढले की सडकेचे नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढते. ओझे दुप्पट, तर नुकसान दुप्पट नव्हे, सोळापट! आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. ऐकायला वाढ किती? सव्वा-दीड टन. पण मुलांना ११.५ ला १०.२ ने भागायला सांगा आणि येईल त्याचा चौथा घात काढायला सांगा. उत्तर १.६ च्या आसपास येईल. म्हणजे त्या मर्यादेपर्यंत भरलेल्या एका ट्रकाची झीज आता पूर्वीच्या दीडापेक्षाही जास्त ट्रकांएवढी. आणि ही झाली कायद्यातल्या ओझ्याची गोष्ट. खडी, वाळू आणि मुरूम घेऊन घाट चढणारे जे डंपर मर्यादा ओलांडून भरलेले असतात, त्यांचा हिशेब मुलांनीच करून पाहावा. या गणितात एक गोष्ट आणखी कळते. दुधाची मोटारसायकल रस्त्याचे काही म्हणजे काहीही बिघडवीत नाही. पण खड्ड्यात आधी पडतो तो मोटारसायकलवालाच.

तिसरे कारण पाणी. चीर रुंद झाली की पाणी आत शिरते. ते आधी खडीवरचे डांबर सोडवते, कारण दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त. आपला काळा पाषाण, ज्याला भूगोलात बेसाल्ट म्हणतात, तो त्या मानाने डांबराला बरा धरून राहतो. गारेसारखे दगड लवकर सोडतात. पण रात्रंदिवस पाण्यात भिजत ठेवल्यावर काळा पाषाण तरी किती धरणार? मग वरून चाक गेले की चिरेतले पाणी पिचकारीसारखे दाबले जाते आणि बाहेर येताना खालचा बारीक माल घेऊन येते. पावसात सडकेच्या चिरेतून गढूळ चिखल उसळताना तुम्ही पाहिला असेल. तो चिखल म्हणजे सडकेचा पाया बाहेर येतो आहे, असे समजा. पाया पोकळ झाला की वरचा पापुद्रा एका रात्रीत खचतो, आणि आपण म्हणतो, काल इथे खड्डा नव्हता. नव्हता खरा, पण तो गेल्या दोन वर्षांपासून तयार होत होता.

आता परदेशातली युक्ती. हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, हा सपाट आणि पावसाळी देश. तिथे मोठ्या सडकांचा वरचा थर मुद्दाम सच्छिद्र ठेवतात, म्हणजे पावसाचे पाणी वर साचत नाही आणि चाकांचा आवाजही कमी होतो. पण सच्छिद्र थरात हवा खेळते, डांबर लवकर म्हातारे होते आणि खडी सुटू लागते. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठात एरिक श्लांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर असा विचार केला की, डांबराला पुन्हा मऊ करायचे असेल तर ते आतून तापवावे. त्यांनी डांबराच्या मालात पोलादाचे बारीक तंतू मिसळले. भांडी घासायची तारेची घासणी असते ना, तिचे तुकडे केल्यासारखे. मग वरून एक विजेचे यंत्र फिरवले. आता पुष्कळांच्या घरी इंडक्शनची शेगडी आली आहे. तिची काच स्वतः तापत नाही, वर ठेवलेले लोखंडी भांडे तापते. हे यंत्र म्हणजे चाकांवर बसवलेली तशीच शेगडी. ती सडकेवरून गेली की आतले तंतू तापतात आणि त्यांच्या भोवतीचे डांबर वितळून चिरेत उतरते. प्रयोगशाळेत असे दिसले की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवले तर काम उत्तम होते. त्याहून जास्त तापवले तर डांबर खाली निथळून जाते. डिसेंबर २०१० मध्ये व्लिसिंगेन या बंदराच्या गावाजवळ ए ५८ या मोठ्या रस्त्यावर चारशे मीटरांचा तुकडा अशा मालाने बांधला गेला. वर्तमानपत्रांतली कात्रणे बहुतेक या चारशे मीटरांवरून निघालेली असतात.

तेव्हा "आपली आपण" या शब्दांना थोडी मुरड घालायला हवी. चीर बुजते, पण यंत्र फिरवावे लागते. दर काही वर्षांनी, चिरा केसासारख्या असतानाच ते फिरवायचे, अशी ती योजना आहे. खड्डा पडल्यावर त्या यंत्राचा काडीइतकाही उपयोग नाही. जो दगड वाहून गेला तो तापवून परत कसा येणार?

दुसरी युक्ती त्याहून साधी आणि मला स्वतःला जास्त आवडलेली. म्हाताऱ्या डांबरात तेलकट अंश कमी झालेला असतो, असे मघाशी म्हटले. मग तेल आधीच आत पुरून ठेवले तर? इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात संशोधकांनी समुद्रशेवाळापासून निघणाऱ्या एका चिकट द्रव्याच्या बारीक गोळ्या केल्या आणि त्यांत सूर्यफुलाचे तेल भरले. होय, आपण फोडणीला घालतो तेच सूर्यफुलाचे तेल. या गोळ्या मालात मिसळायच्या. सडकेवर ओझे येत राहिले की गोळ्या दबतात, तेल थोडे थोडे पाझरते, भोवतीचे डांबर मऊ होते आणि चीर मिटते. २०२५ साली स्वान्सी विद्यापीठ आणि लंडनचे किंग्ज कॉलेज यांच्या संशोधकांनी गोळ्यांऐवजी वनस्पतींच्या सूक्ष्म बीजाणूंच्या पोकळ टरफलांत तेल भरले, आणि प्रयोगशाळेत बारीक चीर तासाभराच्या आत बुजल्याचे सांगितले. सारवलेल्या ओटीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की आपण शेणाचा नवा हात देतो. तो हात जमिनीतच साठवून ठेवल्यासारखे हे आहे.

आता बर्फ. गुरुजींना वाटले तसे आपले त्याच्याशी अगदीच काही नाते नाही, असे मात्र नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढेच आपल्या मुलखातले बर्फ. पण आपल्या गावांतली किती तरी मुले सैन्यात आणि सीमा सडक संघटनेत लडाख, हिमाचल, सिक्कीमच्या सडकांवर असतात. त्यांना विचारा. जाड बर्फ दिसते तरी. भय असते ते काळ्या बर्फाचे. रात्री डांबरावर पाण्याचा पातळ पापुद्रा गोठतो, त्यातून खालची काळी सडक दिसते, आणि चालकाला वाटते रस्ता नुसता ओला आहे. रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, त्याच्या तोंडाशी हिवाळ्यात गाड्या घसरतात त्या पुष्कळदा याच बर्फावर.

बर्फावर पहिला उपाय मीठ. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो, हे शाळेत शिकवतातच. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. शंभर भागांत तेवीस भाग मीठ असेल तर उणे एकवीस अंशांपर्यंत ते पातळ राहते. पण बर्फ बसल्यावर मीठ टाकणे वेगळे आणि बसण्याआधीच मिठाचे पाणी शिंपडून ठेवणे वेगळे. घावन टाकण्यापूर्वी तव्याला तेलाचा बोळा फिरवला तर घावन सहज सुटते. तेल विसरले तर मग उलथन्याने खरवडत बसा! आधी शिंपडले तर मीठही पुष्कळ कमी लागते. तरीही मीठ ते मीठच. पुलातल्या सळया गंजतात, कडेची झाडे जळतात, विहिरींत खारेपण उतरते. खारवट जमिनीचे दुःख ज्या शेतकऱ्याने भोगले आहे, त्याला हे अधिक सांगायला नको. म्हणून युरोपात १९७० नंतरच्या वर्षांत जवसाच्या तेलाचे कवच दिलेले कॅल्शियम क्लोराइडचे कण डांबराच्या मालातच मिसळण्याची रीत निघाली. चाकांनी पृष्ठभाग झिजतो तसतसे नवे कण उघडे पडतात आणि लागेल तेवढेच मीठ वर येते.

मीठ नकोच असेल तर ऊब. अमेरिकेत ओरेगन प्रांतात क्लॅमथ फॉल्स गावी १९४८ साली जमिनीखालच्या गरम झऱ्यांच्या उष्णतेवर एक चढाची सडक तापवण्याची सोय केली गेली. आपल्याकडे वज्रेश्वरीला उन्हाळे आहेत, त्या जातीचे पाणी तिकडे मुबलक. पण खरे कौतुक स्वित्झर्लंडमधल्या एका पुलाचे. इंटरलाकेनजवळ डेर्लिगेन येथे १९९४ साली पुलाच्या फरसबंदीत नळ्या बसवल्या. उन्हाळ्यात तापलेल्या डांबराची उष्णता त्या नळ्यांतले पाणी घेऊन जाते आणि शेजारच्या खडकात पाडलेल्या विंधन भोकांत साठवते. हिवाळ्यात तीच उष्णता परत पुलाकडे येते आणि पृष्ठभागावर बर्फ धरू देत नाही. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवून वर्षभराची बेगमी करतो, तशी त्यांनी उन्हाची बेगमी केली. आणि पाहा, डांबरात पोलादी तंतू असले तर तेच तंतू चीरही बुजवू शकतात आणि बर्फही वितळवू शकतात. म्हणून त्या कात्रणात या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

मुलीचा प्रश्न अजून शिल्लकच आहे: आपल्या घाटात का नाही? पण त्याआधी तिच्या शेजारी काय चालले आहे, ते तिला सांगतो. पिरंगुटहून फाटा घेऊन उरवडे गावाकडे गेले की तिथे प्राज या कंपनीचे संशोधन केंद्र आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचे काम ही कंपनी पुष्कळ वर्षे करीत आली आहे. भाताच्या पेंढ्यातला साखर होण्याजोगा भाग काढून घेतला की मागे लिग्निन उरते. धाटाला ताठ उभे ठेवणारा, तंतूंना तंतू धरून ठेवणारा हा निसर्गाचा डिंकच. या कंपनीने दिल्लीच्या केंद्रीय सडक संशोधन संस्थेच्या बरोबरीने लिग्निनपासून जैव-डांबर तयार केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर–मनसर वळणरस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, त्याचा एक किलोमीटरचा तुकडा वाहतुकीला खुला झाला. त्यात नेहमीच्या डांबराचा काही हिस्सा काढून त्याजागी हे घातले आहे. आपल्याला लागणाऱ्या डांबराचा मोठा वाटा आपण परदेशातून आणतो. त्यातला थोडा जरी पेंढ्यातून निघाला तर आंबेमोहर पिकवणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्याने कान टवकारायला हरकत नाही. लिग्निनमुळे डांबराचे म्हातारपण लांबते का, याचाही जगात ठिकठिकाणी अभ्यास चालू आहे. तसे ठरले, तर चीर बुजण्याची अंगची विद्या डांबराजवळ जास्त वर्षे राहील. पण ते ठरायचे आहे. नागपूरच्या तुकड्याने आणखी काही पावसाळे पाहू देत.

ताम्हिणी उतरून माणगावला गेलात तर पलीकडे मुंबई–गोवा महामार्ग लागतो. त्याच्या इंदापूर–पनवेल भागात जानेवारी २०२४ मध्ये पोलाद भट्टीतल्या धातुमळीची, म्हणजे स्लॅगची, खडी वापरून केलेला एक तुकडा खुला झाला. तो चिरा बुजवण्यासाठी केलेला नाही, डोंगर फोडून खडी काढावी लागू नये यासाठी केला आहे. पण स्लॅगमध्ये लोहाचा अंश असतो आणि सूक्ष्मलहरींच्या भट्टीने, म्हणजे मायक्रोवेव्हने, तो चांगला तापतो, असे प्रयोगशाळांत दिसले आहे. कुणी सांगावे, उद्या अशा सडकेवरूनही शेक देणारे यंत्र फिरेल.

आता स्पष्ट बोलतो. आज मला कोणी विचारले की पिरंगुटच्या घाटासाठी पोलादी तंतू मागू की डोंगराकडच्या बाजूचे गटार, तर मी गटार मागेन. चीर आपण बुजवणारे डांबर झाले तरी ते पाण्यात बुडवून ठेवले तर बुजवील कशी? ओल्या कडा एकमेकींना चिकटत नाहीत. घाटात डोंगराच्या कुशीतून झिरपणारे पाणी गटारात न जाता सडकेखाली शिरले, तर हॉलंडची विद्या आणि नॉटिंगहॅमचे तेल दोन्ही वाया. सडकेच्या कडेला दुकान निघते, फार्महाउसचा रस्ता जोडला जातो, तेव्हा पहिला बळी मोरीचा जातो. कोणी तरी राडारोडा टाकून ती बुजवतो आणि आषाढात पाणी सडकेवरून वाहू लागते. हे काम करणारा पुष्कळदा आपल्यातलाच असतो, हेही बोलून टाकलेले बरे. शिवाय बांधकामावरून निघालेल्या डंपरांच्या चाकांना लागलेली माती सडकेवर पडते, आणि पहिल्या पावसात तिचा जो गिलावा होतो तो आपला काळा बर्फच समजा. त्याला मीठ लागत नाही, निघण्यापूर्वी चाके धुवावी लागतात.

याच मुलखात एक गोष्ट आठवते. १९२७ साली सरकारने सडकांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सडकांसाठी वेगळा निधी असावा, सडक बांधणाऱ्यांनी एकत्र बसून अनुभवांची देवघेव करावी, संशोधन व्हावे, असे त्या समितीने सुचवले. त्यातूनच १९२९ चा मध्यवर्ती सडक निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस आली. १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंते जमले आणि देशभरच्या सडकांची वीस वर्षांची योजना त्यांनी आखली. त्या योजनेचा भर गाव सडकेला जोडण्यावर होता. गाव आता बहुतेक जोडले गेले आहे. जोडलेले टिकवण्याला मात्र बांधण्याइतका मान अजून मिळालेला नाही. नव्या सडकेचा नारळ फुटतो. गटार उपसल्याचा नारळ फुटल्याचे मी तरी पाहिले नाही.

आणि प्रश्न केवळ सोयीचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर त्याच्या वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झाला तर इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई संबंधितांनी दिली पाहिजे. चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. केसासारखी चीर असताना डांबराचा पातळ हात द्यायला जो खर्च येतो, तो या ६ लाखांच्या शेजारी मांडून पाहण्यासारखा आहे. आणि ज्या घरातला माणूस गेला, त्यांच्या लेखी तर ते ६ लाखही हिशेबात धरता येत नाहीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटी त्या मुलीसाठी एक काम सुचवतो. हमरस्त्यावर मुलांना नेऊ नका. शाळेच्या आवारात किंवा गावातल्या आडवाटेवर जुने डांबर असेलच. तिथे दोन बारीक चिरा निवडा. एक उंचावरची, जिथे पाणी थांबत नाही. दुसरी सखल जागची, जिथे डबके साचते. मार्च महिन्यात दोन्ही चिरांच्या टोकांना ऑइल पेंटचा ठिपका द्या, बाजूला तारीख लिहा आणि दोरा धरून लांबी मोजा. मे महिन्यात भर दुपारी डांबर किती तापते, ते तापमापकाने पाहा. पहिल्या पावसानंतर, मग श्रावणात, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजा, आणि चिरेतून गढूळ पाणी येते का, हेही टिपून ठेवा. दोन्ही चिरांचे पुढे काय झाले, ते आकाशवाणीच्या पत्त्यावर पत्र टाकून जरूर कळवा. ज्या मुलीने कात्रण आणले, तिची वही मला आधी पाहायची आहे.